पेज, लाळ आणि आयोडीनचा थेंब

आचऱ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी कळवले आहे, म्हणून छापत नाही. त्यांचे यजमान आंब्याच्या बागेत मजुरीला जातात, त्या स्वतः सुंगटे सोलायला जातात. थोरली मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. कॉलेजात जीवशास्त्राचे प्रॅक्टिकल झाले, पण एका टेबलाभोवती इतकी मुले होती की तिला नीट काही दिसले नाही. जर्नल तर लिहायचे होते. म्हणून तिने घरी पेजेचे निवळ वाटीत घेतले आणि त्यात आपली थुंकी मिसळली. तेवढ्यात आजी आली. "अगो बाये, पेजेत थुकतंस कित्याक?" म्हणून तिने घर डोक्यावर घेतले. मुलगी रडली, वाटी ओतून दिली गेली आणि जर्नल कोरे राहिले. ताई विचारतात, हे कसले शिक्षण? थुंकी आणि पेज यांचे सायन्सशी काय नाते? आणि मुलीला झेपत नसेल तर आताच आर्ट्सला घालावी का?

ताई, मुलीने काही वावगे केलेले नाही. ती करत होती तो प्रयोग जगभरच्या शाळा-कॉलेजांत करतात आणि त्याला लागणारे सगळे सामान तुमच्या स्वयंपाकघरात आहे. बाहेरून आणायचे ते फक्त औषधाच्या दुकानातले आयोडीन. तेव्हा या आठवड्यात आम्ही त्या वाटीविषयीच लिहीत आहोत. हे पान आजीलाही वाचून दाखवा.

कोरड्या भाताचा घास तोंडात घेऊन न गिळता पाच मिनिटे चावत राहा. हळूहळू तो गोड लागू लागतो. भातात साखर कुणी घातली नाही, मग गोडी आली कुठून? भात म्हणजे पिष्ट, म्हणजेच स्टार्च. स्टार्च ही साखरेच्या कणांची लांबच लांब माळ असते. माळ आहे तोवर गोडी नाही. आपल्या लाळेत अमायलेज नावाचा एक पदार्थ असतो, तो ही माळ तोडतो आणि साखरेचे लहान तुकडे सुटे करतो. अशा पदार्थाला मराठी पुस्तकात विकर म्हणतात, इंग्रजीत एन्झाइम. विकर स्वतः खर्च न होता काम उरकते. एक माळ तोडली की दुसरीकडे वळते. आपल्या शरीरात अशी हजारो विकरे आहेत. अन्न पचवण्यापासून हात उचलण्यापर्यंत कोणतीच क्रिया त्यांच्यावाचून होत नाही. १८३३ साली फ्रान्समध्ये पायेन आणि पेर्सो या दोघांनी मोड आलेल्या धान्यातून असले विकर पहिल्यांदा वेगळे काढले. ते काम करत होते स्टार्चवरच.

आता प्रयोग. पेजेचे निवळ घ्या आणि त्यात पाणी घालून आणखी पातळ करा. ते पूर्ण निवू द्या. आयोडीनमध्ये पाणी घालून कोऱ्या चहासारखा रंग करा. पांढऱ्या बशीत त्याचे थेंब ओळीने मांडा. एका थेंबात पेजेचा थेंब टाकला की तो निळा-काळा होतो. आयोडीनला स्टार्च भेटले की हा रंग येतो, ही स्टार्चची ओळख. आता चूळ भरून तोंड स्वच्छ करा, थोड्या वेळाने वाटीत लाळ जमवा आणि तिच्यात आठ-दहा पट पाणी मिसळा. ज्याने त्याने आपलीच लाळ वापरावी. चार वाट्यांत सारखी पेज घ्या. पहिल्या वाटीत लाळेचे पाणी घाला आणि ती वाटी बाळाला न्हाऊ घालतो तेवढ्या कोमट पाण्यात ठेवा. दुसरीतही तेच घाला, पण ती बर्फात ठेवा. तिसरीत तीच लाळ, पण आधी खळखळून उकळलेली आणि मग निववलेली. चौथीत नुसते पाणी, लाळ नाही. तिसरी आणि चौथी या दोन्ही पहिलीबरोबर कोमट पाण्यातच ठेवायच्या. दर मिनिटाला प्रत्येक वाटीतला एक थेंब बशीतल्या आयोडीनच्या नव्या थेंबात टाकून रंग बघायचा आणि वहीत लिहायचा. प्रत्येक वाटीचा चमचा वेगळा हवा, नाहीतर एकीची लाळ दुसरीत जाऊन सगळाच घोटाळा होईल. ज्याला आयोडीन लागले ते पोटात जाऊ देऊ नका, प्रयोग झाला की ओतून द्या.

पहिल्या वाटीतला रंग निळ्यावरून जांभळट, जांभळटावरून तांबूस होत जातो आणि शेवटी आयोडीनचा मूळ चहासारखाच रंग उरतो. म्हणजे स्टार्च संपले. बर्फातली वाटी मात्र बराच वेळ निळी रंग देत राहते. उकळलेल्या लाळेची वाटीही निळीच, आणि नुसत्या पाण्याचीही निळीच.

इथे मुलांना घाई होते. बर्फातली आणि उकळलेली या दोन्ही वाट्या निळ्या राहिल्या म्हणून दोन्हींची गोष्ट एकच, असे ती जर्नलात लिहून मोकळी होतात. पण बर्फातली वाटी उचलून कोमट पाण्यात ठेवा. थोड्याच वेळात तिचा रंग उतरू लागतो. उकळलेली वाटी दिवसभर कोमट पाण्यात ठेवली तरी जागची हलत नाही. थंडीने विकर थबकते, उकळीने ते मोडते. विकर हे प्रथिन आहे. त्याचा धागा ठराविक घडीत दुमडलेला असतो आणि त्या घडीतल्या खाचेत स्टार्च बसते, तेव्हाच काम होते. उष्णतेने घडी उलगडली की खाच जाते. उकडलेल्या अंड्याचा बलक पुन्हा पातळ होत नाही, त्यातलाच प्रकार. उष्णता वाढत जाते तसे काम आधी भराभर वाढते, साधारण दहा अंशांना दुपटीच्या घरात, आणि एका हद्दीपुढे एकदम कोसळते. आपल्या लाळेला मानवते ते अंगाचेच तापमान, ३७ अंश सेल्सिअस.

दुसरी अट आंबट-तुरटपणाची. शास्त्रात तिला सामू म्हणतात. सामू ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. लाळेचे विकर ७ च्या जरा खाली उत्तम चालते. घास गिळला आणि जठरात गेला की तिथल्या कडक आम्लात ते निकामी होते. उलट जठरातले पेप्सिन हे विकर सामू २ च्या आसपासच कामाला लागते. पुढे लहान आतड्यात गेले की तिथे ८ च्या सुमाराला चालणारे ट्रिप्सिन. घरी बघायचे तर पाचव्या वाटीत पेज, लाळ आणि थोडे व्हिनेगर घाला. रंग निळाच राहील.

व्हिनेगरच कशाला, घरात लिंबू आहे की, असे कुणीही म्हणेल. लिंबू घालून बघाच, कारण तिथे खरी गंमत आहे. लिंबाच्या वाटीतला थेंब आयोडीनमध्ये पडला की निळा रंग येतच नाही, असलेला तांबूस रंगही पुसला जातो. मुलगी आनंदाने लिहील की आम्लात विकर सगळ्यात जोरात चालते! पण आणखी एक वाटी घ्या, पेज आणि लिंबू, लाळेचा थेंबही नको. तिथेही रंग उडतो. म्हणजे हे विकराचे काम नव्हेच. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने आयोडीनच निष्प्रभ केले. स्टार्च होते तिथेच आहे, ते ओळखणारा साक्षीदार तेवढा गप्प झाला. लिंबू कापून 'रक्त' काढून दाखवणारे भगत आपल्या लोकांनी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची विद्या असल्याच रसायनांवर चालते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे ठाऊक असलेल्या बाईला तो भगत फसवू शकत नाही.

ती लाळ नसलेली वाटी, जिच्यात काहीच घडत नाही, तीच प्रयोगातली सर्वात महत्त्वाची वाटी आहे. तुलनेला काही नसेल तर घडले ते कशामुळे घडले हे सांगता येत नाही. आचऱ्याची गावपळण सगळ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. त्या दिवसांत गावातले प्रदूषण जाते, रोगजंतू मरतात, म्हणून ही प्रथा शास्त्रीय आहे, असे शिकलेली माणसेही सांगतात. माणसे उघड्यावर एकत्र राहतात, जेवतात, गातात, त्यात आनंद असेल, आम्ही तो नाकारत नाही. पण शास्त्रीय म्हणायचे तर शेजारचा न पळालेला गाव तपासायला हवा. दोन्हीकडच्या विहिरींचे पाणी आधी आणि नंतर पाहायला हवे. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले ते याहून वेगळे नाही. ऐकिवात आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून, मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

आता आजीच्या रागाविषयी. अन्नात थुंकू नये हा आजीचा नियम आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे, आणि प्रयोगाची पेज कुणाच्या ताटात जाणार नव्हती हे तिला समजावून सांगता येईल. पण थुंकी या शब्दाला आपल्या समाजात आणखी एक इतिहास आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या पुण्याविषयी लिहिले आहे. अस्पृश्याने गळ्यात मडके अडकवून फिरायचे, कारण त्याची थुंकी जमिनीवर पडली आणि तीवर सवर्णाचा पाय पडला तर तो विटाळेल. कमरेला झाडू, तो आपलीच पावले पुसायला. आपल्या पूर्वजांच्या तोंडातली लाळ ही जमिनीवर पडायच्याही लायकीची नव्हती!

आज प्रयोगशाळेच्या टेबलावर वीस मुलांच्या वीस वाट्या ओळीने मांडा. कोणती वाटी कोणाची हे आयोडीनला कळत नाही. रंग कुठे तीन मिनिटांत उतरेल, कुठे आठ, हे खरे. प्रत्येकाच्या लाळेत अमायलेज सारखे नसते, एका घरातल्या दोन भावांतही फरक सापडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की पिढ्यान्‌पिढ्या पिष्टमय अन्नावर जगलेल्या लोकसमूहांत या विकराच्या जनुकाच्या प्रती सरासरीने जास्त असतात. म्हणजे फरक पडतो तो भात, कंद आणि धान्य खाण्याने. वर्णाचा तिथे शिरकाव नाही.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो, कारण कुणी तरी हटकून काढील. प्रत्येक विकराला एकच काम नेमून दिलेले, पेप्सिन जठरात, ट्रिप्सिन आतड्यात, मग निसर्गातही चातुर्वर्ण्य आहेच की! हा युक्तिवाद पोकळ आहे. पेप्सिन प्रथिनाचा एक दुमडलेला धागा आहे, त्याला शिकता येत नाही. माणसाला येते. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेब म्हणत ते याचसाठी. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा आर्ट्सबरोबर सायन्सही ठेवले. आपली मुले प्रयोगशाळेत उभी राहावीत हा त्यामागचा हेतू होता. मुलगी म्हणून दार अडवले जाण्याचा अनुभव तर वरच्या जातीतल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांनाही आला. १९३३ साली बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये संचालक सर सी. व्ही. रामन त्यांना स्त्री म्हणून प्रवेश द्यायला तयार नव्हते. हट्टाने प्रवेश मिळवला तो एका वर्षाच्या चाचणीवर. त्याच बाईंनी केंब्रिजला जाऊन साध्या बटाट्यात सायटोक्रोम-सी शोधले. पेशींच्या श्वसनात विकरांबरोबर काम करणारे हे प्रथिन आहे. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. तेव्हा ताई, टेबलाभोवती गर्दी होती म्हणून दिसले नाही, याला झेपत नाही म्हणत नाहीत. मुलीला सायन्सलाच राहू द्या आणि तिला चार वाट्या द्या. रविवारी विहारात मुले जमतात, तिथे तिने हाच प्रयोग सर्वांना करून दाखवला तर फारच उत्तम.

जर्नलात आणखी दोन मुद्दे लागतात, ते थोडक्यात. विकर किती आणि त्याने तोडायचा माल किती, यावरही वेग ठरतो. चार बाया सुंगटे सोलायला बसल्या असतील तर पाटी वाढली की काम वाढते, पण चौघींचे हात भरलेले असताना आणखी पाट्या आणून ठेवल्याने काही होत नाही. बाया वाढवल्या तरच वेग वाढतो. हे तुम्हाला पुस्तकाहून चांगले ठाऊक आहे. आणि काही विकरांना जोडीला मदतनीस लागतो. लाळेच्या अमायलेजला क्लोराइड लागते, ते आपल्या मिठात असते.

विकरांची ही विद्या परीक्षेपुरती नाही. बांगडा होडीतून उतरल्यावर उन्हात पडून राहिला की त्याच्यावरच्या जिवाणूंमधले एक विकर कामाला लागते आणि माशात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार करते. असा बांगडा खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते. लोक म्हणतात मासळी बाधली. आता उकळीने विकर मोडते हे खरे, पण त्याने आधीच तयार केलेले हिस्टामिन उकळीने जात नाही. आमटी कितीही रटरटली तरी ते तिथेच असते. म्हणून बांगडा, तारली, गेदर पकडल्यापासूनच बर्फात हवेत. स्वस्तात मिळाला म्हणून दुपारपर्यंत उन्हात राहिलेला वाटा घेऊ नये.

विकराला अडवणारीही द्रव्ये असतात, आणि ताईंच्या पत्रातली जी ओळ आम्हाला सर्वात जास्त लागली ती प्रयोगाची नव्हतीच. मोहोराच्या दिवसांत यजमान फवारणीहून आले की त्यांना गरगरते, तोंडाला पाणी सुटते, जेवण जात नाही. 'औषधाचा वास चढतो, झोपले की उतरते', असे त्यांनी सहज लिहिले आहे.

ताई, हा वास नव्हे. आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी मारतात त्यांतली बरीच औषधे ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची असतात. आपल्या मज्जातंतूने स्नायूला निरोप दिला की तो निरोप पुसून टाकणारे एक विकर आहे, ॲसिटिलकोलिनएस्टरेज. ही औषधे त्या विकराच्या खाचेत जाऊन बसतात आणि निघत नाहीत. निरोप पुसला जात नाही, म्हणून ग्रंथी पाझरत राहतात आणि स्नायू थरथरत राहतात. तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, मळमळ, जुलाब, बुबुळातला काळा ठिपका टाचणीएवढा होणे, अंग फडफडणे आणि शेवटी श्वास अडकणे, ही सगळी त्या एका विकराच्या अडकण्याची लक्षणे आहेत. कीटकही असाच मरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले.

'झोपले की उतरते' हेही पुरते खरे नाही. अडकलेल्या विकराच्या जागी शरीराला नवे घडवावे लागते, आणि ती भरपाई व्हायला कित्येक आठवडे जातात. पुढची फवारणी आठ-पंधरा दिवसांत आली तर तूट वाढत जाते. आज बाधले नाही तेवढ्याच औषधाने महिन्याने माणूस आडवा होतो. या विकराची रक्ततपासणी होते. डॉक्टरांकडे 'कोलिनएस्टरेज' तपासा असे नाव घेऊन सांगता येते. आपण फवारणीचे काम करतो हे डॉक्टरला न विचारता सांगावे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्याला संरक्षक कपडे, प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. बागमालकाकडे हातमोजे आणि मुखपट्टी मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

हे विष तोंडापेक्षा कातडीतून जास्त शिरते. म्हणून उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर उभे राहून फवारू नये. बंद झालेला नोझल तोंडाने फुंकू नये. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवावे आणि साबणाने अंघोळ केल्याशिवाय मुलाला उचलून घेऊ नये. औषधाचा रिकामा डबा पाण्याला वापरू नये. कुणाला त्रास झालाच तर त्याला बागेतून बाहेर आणा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, लिंबूपाणी किंवा दूध पाजत वेळ घालवू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. तिथे ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम ही औषधे देतात. प्रालिडॉक्सिम अडकलेले विकर सोडवते, पण वेळेत मिळाले तरच, उशीर झाला की ती गाठ सुटत नाही. निघताना औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर न्यायला विसरू नका. कोणते औषध होते हे डॉक्टरला त्यावरूनच कळते, आणि ते नाव वाचून सांगायला घरातली अकरावीची मुलगी बरोबर असू द्या.